‘लिबर्दादे’ : भग्न जहाजातून उभी राहिलेली होडी

१/८
डिसेंबर १८८७. ब्राझीलच्या परानाग्वा उपसागरात ‘अक्विडनेक’ हे शिडाचे मालवाहू जहाज वाळूत रुतून निकामी झाले. मालक आणि कप्तान एकच : जोशुआ स्लोकम. जहाजाचा विमा नव्हता. भग्नावशेष विकून त्याने खलाशांचे पगार चुकते केले. परक्या किनाऱ्यावर उरले चौघे : स्लोकम, पत्नी हेन्रिएटा, किशोरवयीन व्हिक्टर आणि धाकटा गार्फील्ड.

२/८
अमेरिकेला परतायचे, तेही स्वतः बांधलेल्या होडीतून, असा निर्णय झाला. हाताशी मुख्य अवजारे होती ती कुऱ्हाड, तासणी, दोन करवती, गिरमिट, कानस आणि शिडे शिवण्याच्या दोन सुया. फळ्या आवळून धरण्याचे शिकंजे पेरूच्या वाकड्या फांद्यांपासून केले. खिळ्यांसाठी भग्न जहाजावरचा धातू उपयोगी पडला. तांब्याची नाणी भोके पाडून चकत्या म्हणून वापरली.

३/८
होडी ३५ फूट लांब आणि साडेसात फूट रुंद होती. तळाला जड, टणक लाकूड, तर बाजूंना हलका सीडार. घडण अमेरिकन कोळ्यांच्या डोरी होडीची आणि जपानी सांपानची, अशी मिश्र. दोन्ही बाजूंना बांबू बांधले, जेणेकरून होडी सहजासहजी कलंडू नये.

४/८
शिडांची रचना मात्र चिनी होती. आशियाई समुद्रांत अनेक वर्षे काढलेल्या स्लोकमच्या मते लहान होडीसाठी याहून सोयीची रचना जगात नव्हती. शिडे हेन्रिएटाने शिवली.

५/८
या निवडीमागे साधा हिशेब होता. चिनी शिडाला आडव्या काठ्यांनी पट्ट्यांत विभागलेले असते. वारा वाढला की वर चढवणारी दोरी सैल सोडायची. शीड पडद्यासारखे घडी होत खाली येते. डोलकाठीवर चढावे लागत नाही. शिवाय शिडाचा काही भाग डोलकाठीच्या पुढे राहत असल्याने वाऱ्याचा ताण अंशतः तोलला जातो. एक पुरुष, एक स्त्री आणि दोन मुले, एवढ्या मनुष्यबळाला हीच रचना पेलणारी होती.

६/८
होडी पाण्यात उतरली १३ मे १८८८ रोजी. त्याच दिवशी राजकन्या इझाबेलच्या स्वाक्षरीने ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. म्हणून होडीचे नाव ‘लिबर्दादे’, अर्थात स्वातंत्र्य.

७/८
२४ जूनला प्रवास सुरू झाला आणि आरंभीच्याच वादळी झोताने शिडे फाडली. रचना कितीही उत्तम असली, तरी कापड टिकले नाही. शिडांची नवी व्यवस्था करून कुटुंब पुन्हा निघाले. २८ ऑक्टोबरला त्यांनी दक्षिण कॅरोलिनाचा किनारा गाठला. अंतर सुमारे साडेपाच हजार मैल.

८/८
१८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून इतिहास स्लोकमला ओळखतो. ‘स्प्रे’ही त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधली होती. त्या एकाकी कीर्तीमागे मात्र चौघांनी मिळून केलेला हा प्रवास आहे, आणि त्यात शिडे शिवणाऱ्या हेन्रिएटाचा वाटा कप्तानाइतकाच मोलाचा आहे.