हुतूतूंतील ‘मेलेला’ गडी

विट्याच्या माळावर हुतूतू रंगला कीं ‘मेलेल्या’ गड्याचें काय करावें, हा वाद हटकून निघे. जुन्या खेळाडूंजवळ त्याचीं तीन उत्तरें होतीं. ‘अमर’ प्रकारांत गडी मेला तरी खेळतच राही. गुण मात्र प्रतिपक्षाला मिळे. ‘गामिनी’ प्रकारांत सारा संघ बाद होईपर्यंत त्यानें बाहेर बसावें. ‘संजीवनी’ प्रकारांत आपल्या बाजूनें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं हा पुन्हां जिवंत!

१९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम छापले. १९५० सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय कबड्डी महासंघानें पुढें संजीवनीच पत्करली. माझ्या मतें, योग्यच केलें. गामिनींत आरंभींच मेलेला दुबळा पोर डाव संपेपर्यंत माती उकरीत बसे. संजीवनींत तोच पोर रेषेबाहेर उकिडवा बसून, आपल्या गड्याच्या दमाबरोबर स्वतःचाहि श्वास रोखून धरी.