रक्त पातळ होत नाही

परभणीहून जिंतूरच्या वाटेला लागलं की झरी येते. झरी, झरा, झरणे या सगळ्यांच्या मुळाशी संस्कृतातला 'क्षर्' आहे; जे झरत नाही ते अक्षर. झरण्याच्या उलट साकळणे. मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळतं, असं जुनी माणसं अजून म्हणतात. पुस्तकी मराठीने मात्र 'गोठणे' उचललं. गोठतं ते थंडीने. रक्ताला कसली थंडी?

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती घरच्यांवरच उलटते आणि रक्त नको तिथे साकळतं: पायाच्या शिरेत, मेंदूत, गरोदर बाईच्या वारेत. मग वॉरफरिन किंवा आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ॲसिनोकूमॅरॉल वर्षानुवर्षं घ्यावी लागते. लोकांच्या तोंडी ती 'रक्त पातळ व्हायची गोळी'. पण तिने रक्त तसूभरही पातळ होत नाही. यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या जोरावर रक्त साकळवणारी काही प्रथिनं कामाला जुंपतं. गोळी तो जोर काढून घेते, एवढंच. हा 'के'सुद्धा साकळण्याचाच, 'कोआग्युलेशन'चं डॅनिश-जर्मन आद्याक्षर.

'पातळ'ची कुळकथा त्याहून मजेची. पत्र म्हणजे पान; त्यावरून पत्रल, प्राकृतात पत्तल, मग पातळ. नेसायचं पातळही त्याच घरचं. आणि या गोळीचं गणित बिघडवतं ते पानच! हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, मेथी, शेपू एकदम रोज ताटात यायला लागली की गोळीचा असर उतरतो. भाजी सोडायची नसते, तिचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं.

या आजारातल्या एका प्रतिपिंडाचं नाव तर कमालीचं उफराटं आहे: लुपस अँटिकोॲग्युलंट. 1972 साली रूढ झालेलं. लुपस म्हणजे लॅटिनमधला लांडगा, आपल्या 'वृक'चा सख्खा भाऊ. वृकोदर भीमामुळे तो आपल्याला परका नाही. पण अनेक रुग्णांना लुपस हा आजार नसतोच. दुसरा शब्द सांगतो की हे साकळणं रोखतं. रोखतं खरं, पण काचेच्या नळीत. शरीरात नेमकं उलट. नळीत दिसलं त्यावरून बारसं झालं.

तीच खोड तपासणीत उतरते. रक्त साकळायला लागणारा वेळ कुठल्याही लॅबमध्ये एकाच मापाने मोजता यावा म्हणून 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर आणला. तो बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवायचा. पण तपासणीतल्या काही रसायनांशी गाठ पडली की हे प्रतिपिंड नळीतला वेळ फुगवतं: कागदावर 3, अंगात संरक्षण त्याहून कमी. बोटाच्या थेंबावर चालणारं यंत्र जास्तच फसतं. म्हणून शिरेतलं रक्त, शक्यतो दरवेळी तीच लॅब, आणि शंका आली तर त्या साकळवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाची, फॅक्टर टेनची, वेगळी तपासणी. झरीच्या माणसाने परभणीत लॅब बदलली तर हे डॉक्टरांच्या कानावर घातलेलं बरं.

गरोदरपणात ही गोळी बाळाला घातक, तेव्हा हिपॅरिनची इंजेक्शनं. त्यांना आयएनआरचं माप लागत नाही. ग्रीक 'हेपार' आणि आपलं 'यकृत' एकाच मुळाचे. 1916 साली संशोधक मॅक्लीन यांना हिपॅरिन कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या अर्कात गवसलं, म्हणून हे नाव. आता ते डुकराच्या आतड्यांतून काढतात, नाव यकृताचंच.