मागच्या चाकांवरचा भार

नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ चिलखती मोटार आहे. लोक तिचा मनोरा पाहतात आणि रणगाड्यांकडे वळतात. तुम्ही जरा वाकून मागची चाके पाहा.

मूळची ही राजेरजवाड्यांची, आवाज न करणारी मोटार. 1914 साली युद्ध पेटले आणि तिच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढले. वजन गेले चार टनांवर. इंजिनाने ते ओढले. प्रश्न पाठीचा होता. मग मागचे कमानपाटे भक्कम केले, जोडचाके बसवली.

कमानपाटा भार पेलतो, पण दणका बसला की झुलत राहतो. ते झुलणे आवरतो शॉकअप. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको! 1962 साली आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीला मागे दांडीचे शॉकअप होते. हौशी मंडळी आज ते काढून नळीचे बसवतात. धावत्या गाडीला ते जरूर करावे. संग्रहालयातल्या ‘भुता’ला मात्र कोणी हात लावू नये.

कारण त्या पाट्यांनी माणसे तगवली आहेत. सप्टेंबर 1918 मध्ये अरबस्तानच्या मोहिमेत लॉरेन्सच्या रोल्स मोटारीच्या मागच्या कमानपाट्याचा आधार तुटला. शत्रू जवळ, करवत नाही. गोळ्या झाडून त्यांनी लाकूड तोडले, ते चासीखाली घातले आणि टेलिग्राफच्या तारेने आवळले. त्याच आधारावर मोटार पुढे दमास्कसला पोहोचली.