अंगणवाडी आधी खेळाची होती

मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची 'बिस्मिल्लाह' करायची, अशी आपल्या अनेक मुस्लिम घरांत जुनी रीत आहे. मुलाला न्हाऊमाखू घालतात, नवे कपडे चढवतात. घरातले वडीलधारे किंवा मौलवीसाहेब त्याच्याकडून कुरआनातले पहिले शब्द म्हणवून घेतात, मग मिठाई वाटली जाते. शिक्षणाची सुरुवात आनंदाने व्हावी, ही त्यामागची भावना सुंदर आहे. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाच्या वाट्याला काय येते? बहुतेक वेळा पाटी, पाठांतर आणि 'हलू नको'.

याच वयाच्या मुलांसाठी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगावी अंगणवाडी आहे. मलकापूर असो, मेहकर असो की सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद, अंगणवाडी म्हटले की डोळ्यांसमोर खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण येते. हे सगळे गरजेचेच आहे. पण 'अंगणवाडी' हा शब्द खिचडीतून जन्मलेला नाही. तो खेळातून आला, आणि तो इतिहास आपल्या मोहल्ल्यांत क्वचितच कुणी सांगते.

हा शब्द ज्यांच्या कामातून रूढ झाला त्या ताराबाई मोडक यांचा आपल्या वऱ्हाडाशीही संबंध होता. त्यांचा जन्म 1892 चा, मुंबईचा. पदवीधर झाल्यावर लग्न होऊन त्या अमरावतीत आल्या आणि काही वर्षे तिथे राहिल्या. तो संसार टिकला नाही. पुढे त्या राजकोटला आणि तिथून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तिथे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले होते. छडी नाही, धाक नाही, मुलाने हाताने करून शिकायचे. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत जे सुरू केले होते, त्याचे हे भारतीय रूप. 1926 मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत राहिली. माँटेसरीची साधने महाग होती. रोममध्ये जे गरिबांच्या मुलांसाठी निघाले, ते इथे शहरातल्या सुखवस्तू घरांचे झाले होते. म्हणून 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा होत्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. ताराबाईंच्या शाळेत त्या आल्या आणि 1992 मध्ये मृत्यू येईपर्यंत याच कामात राहिल्या.

बोर्डीला बालवाडी तर निघाली, पण दलित वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी मुलांना किंवा त्यांच्या आयांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने, माती आली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असते म्हणून ती शाळेत येऊ शकत नाही, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली. तिला त्यांनी 'विकासवाडी' म्हटले.

यात खेळ म्हणजे वेळ घालवणे नव्हते. चिंचोके आणि सरकी वेगळी करताना मूल वर्गीकरण शिकते, त्यांचे ढीग मोजताना अंक. पोळ्याला मातीचा बैल वळणाऱ्या बोटांना पुढे पेन्सिल जड जात नाही. लगोरीत आपला डाव येईपर्यंत थांबावे लागते, आणि थांबणे हाही धडाच आहे. भातुकलीत मूल बोलते, भांडते, समजूत घालते. त्याची भाषा तिथे तयार होते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरातल्या पहिल्या 33 प्रकल्पांत आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले मेळघाटचे धारणी होते. अंगणवाडी हे नाव आता देशभर गेले. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहाराचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषण समोर उभे असताना आहार पुढे येणे स्वाभाविक होते. पण मूळची खेळाची शाळा सहांतली एक सेवा होऊन राहिली. सेविकेला वेतन नाही, मानधन. तिच्या हाती नोंदवह्या आल्या, पुढे मोबाइल आला. गाणे-गोष्टीला वेळ उरला तर उरला. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला तोही सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी.

ती पोकळी गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीने भरली. शेतात निंदायला जाणारी आई आणि हातगाडी लावणारा बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. तीन वर्षांचे पोर टाय लावून एबीसीडी म्हणते तेव्हा त्यांना वाटते, शिक्षण सुरू झाले. मोहल्ल्यातल्या मुलाची आणखी एक अडचण असते. घरात तो उर्दू-दखनी वळणाचे बोलतो, अंगणवाडीत गाणी मराठी, नर्सरीत सगळे इंग्रजी. तीन भाषांच्या मध्ये ते गप्प बसते आणि आपण त्याला 'शहाणे' म्हणतो. वास्तविक खेळात सामील व्हायला आधी भाषा यावी लागत नाही. खेळता खेळता ती येते. मराठी अशीच यावी, धाकाने नाही.

'हे सरकारी खेळणे-बिळणे आपल्या तालमीत बसत नाही' असे म्हणणाऱ्यांना आपल्याच परंपरेची आठवण द्यावीशी वाटते. पैगंबर मुहम्मद (स.) अनस यांच्या धाकट्या भावाशी त्याच्या लाडक्या पाखराविषयी बोलत, हे हदीसमध्ये आले आहे. इमाम गझाली (1058–1111) यांनी 'इह्या उलूम अल-दीन'मध्ये मुलांच्या तालमीवर लिहिताना बजावले आहे की मुलाला अभ्यासानंतर खेळू द्यावे. खेळ तोडून सतत शिकवत राहिल्यास त्याचे मन मरते, बुद्धी बोथट होते आणि ते शिक्षणातूनच पळवाट शोधू लागते. नऊशे वर्षांपूर्वीचे हे सांगणे आणि कोसबाडच्या टेकडीवरचा अनुभव एकच आहे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, आणि 2022 च्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ व घरची भाषा यांना मध्यभागी ठेवले. कागद आपल्या बाजूने आहे. उरते ते आपले काम. आठवड्यातून एकदा अंगणवाडीत जाऊन मुले काय खेळतात ते बघा. सेविकाताईंना चिंचोके, रिकाम्या डब्या, जुन्या कापडाच्या बाहुल्या नेऊन द्या. उर्दू गाणी येणारी एखादी नानी तिथे तासभर बसू शकते. आणि बिस्मिल्लाहच्या दिवशी मिठाई वाटून झाली की त्या मुलाला अंगणात सोडा. नवे कपडे मळले तर मळू द्या.