कुलकर्णी, रमाकांत
भारतीय पोलीस सेवेतील ख्यातनाम गुन्हे अन्वेषक. मुंबई गुन्हे शाखेचे उपायुक्त असताना रमण राघव खूनसत्राचा (१९६८) आणि पुढे परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांडाचा (१९७२–७४) तपास त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. नंतर ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. ‘भारताचे शेरलॉक होम्स’ हे बिरुद त्यांना चिकटले. पण त्यांच्या गाजलेल्या तपासांतून दिसतो तो एकांड्या बुद्धिमंतापेक्षा पोलीस दप्तर आणि हाताखालची माणसे नेमकी वापरणारा अधिकारी.

१९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्या गरिबांवर रात्री जड हत्याराने प्राणघातक हल्ले होत होते. हेतू दिसत नव्हता, बळी आणि मारेकरी यांचा संबंध जुळत नव्हता. त्यामुळे तर्काला धरायला धागाच नव्हता. मात्र १९६५–६६ मध्ये पूर्व उपनगरांत असेच हल्ले झाले होते. तेव्हा संशयावरून पकडलेल्या इसमाला पुराव्याअभावी सोडावे लागले होते, तरी त्याची नोंद दप्तरी राहिली होती. कुलकर्णी यांनी शोधमोहीम शहरभर पसरवली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याच इसमाला, म्हणजे रमण राघवला, हेरून पकडले आणि बोटांच्या ठशांवरून ओळख पक्की झाली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी पुढे त्याच्या मनोविकारामुळे जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

प्रत्यक्ष अटक फियालोंची, मग कुलकर्णींचे श्रेय कोणते, असा आक्षेप घेता येईल. परंतु रस्त्यावरच्या उपनिरीक्षकाला कोणाला शोधायचे हे ठाऊक असणे, ही वरून लावलेल्या शिस्तीचीच फलश्रुती होती. दुसरा आक्षेप मानवतच्या तपासाबाबतचा आणि अधिक गंभीर आहे. गुप्तधन आणि संततीच्या लोभातून, अघोरी समजुतींपायी मानवतला एकामागून एक खून झाल्याचे तपासात पुढे आले. पण कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांच्यावर आरोप होता, ते दोघे अखेर निर्दोष सुटले. म्हणून तपास निष्फळ ठरत नाही, कारण इतर आरोपींविरुद्ध दोषसिद्धी झाली. मात्र त्याची मर्यादा उघड होते. या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये कबुलीजबाब व माफीच्या साक्षीदाराची साक्ष यांना स्वतंत्र पुष्टी हवी, हे ठासून सांगितले. गूढ उकलणे आणि ते कोर्टात सिद्ध करणे यांतले अंतर नामांकित अन्वेषकालाही चुकत नाही.

‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या पुस्तकात त्यांनी आपल्या तपासांची हकीकत लिहिली. त्यावर आधारित ‘मानवत मर्डर्स’ या मालिकेत (२०२४) आशुतोष गोवारीकर यांनी त्यांची भूमिका केली. पडद्यावर नायक एकटा उठून दिसणे साहजिक असले, तरी कुलकर्णींचे मोल ठरवताना त्यांच्याबरोबर शिपाई, ठसेतज्ज्ञ आणि जुन्या नोंदी राखणारे कारकूनही हिशेबात धरावे लागतात.