किक ड्रमचा माईक घेताय? आधी सुपाऱ्या मोजा, मग पैसे

धाराशिव : चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा, तेरला गोरोबाकाकांचा सोहळा, आश्विनात तुळजापूरचं नवरात्र आणि मधल्या दिवसांत लग्नं, हरिनाम सप्ताह, ऑर्केस्ट्रा. जिल्ह्यात साउंडचं काम करणाऱ्या पोरांचं वर्ष या हंगामावरच निघतं. गाण्याचे चार-सहा माईक जवळ असतातच. अडतं ते ड्रमपाशी. गाणं बरं वाजतं, पण ठोका पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो. मग किक ड्रमचा माईक घ्यायचं ठरतं. एका हंगामाची शिल्लक त्यात जाते, म्हणून घेण्याआधी हे वाचा.

गाण्याचा माईक का चालत नाही?

किक ड्रमचा छातीत बसणारा दणका साधारण ५० ते ८० हर्ट्झला असतो. गाण्याच्या माईकचा खालचा आवाज मुद्दाम उतरता ठेवलेला असतो, म्हणजे गायकाचा आवाज घुमत नाही. त्यामुळे तोच माईक ड्रमपुढे धरला की टकटक येते, दणका येत नाही. अडीनडीला चालेल, पण रोजच्या कामाला नाही.

किकच्या माईकमध्ये खालचा आवाज भरपूर, मधला दबलेला आणि काठीचा ‘टक्’ ऐकू यावा म्हणून ३-४ हजार हर्ट्झच्या आसपास उठाव दिलेला असतो. साधा तीन बटणांचा मिक्सर असला तरी काम भागतं, हा त्याचा मोठा फायदा.

बाजारात काय मिळतं?

- शुअर बीटा ५२ ए : २० हर्ट्झपासून आवाज घेतो. कंपनीच्या माहितीप्रमाणे १७४ डेसिबलपर्यंतचा मार सहन करतो. स्टँडचा जोड अंगातच आहे.
- एकेजी डी ११२ : जुना, भरवशाचा. गोल, भरीव आवाज.
- ऑडिक्स डी ६ : दणका आणि टक् दोन्ही तयारच येतात. मिक्सरवर फार हात लावावा लागत नाही. मात्र प्रत्येक ड्रम थोडा सारखाच वाजतो.
- शुअर पीजीए ५२ : त्याच घराण्यातला स्वस्त माईक. आवाज ५० हर्ट्झपासून घेतो. लहान मंडपाला पुरतो.
- शुअर बीटा ९१ ए : चपटा, ड्रमच्या आत उशीवर ठेवायचा. टक् छान येते, पण मिक्सरवर फँटम पॉवर लागते.

पहिले चारही डायनॅमिक आहेत. त्यांना फँटम पॉवर लागत नाही आणि ते खडतर वापर सोसतात. पहिला माईक घेताना यांतलाच घ्या.

सप्ताहाची कामं जास्त असतील तर?

वही काढा आणि मागच्या वर्षीच्या सुपाऱ्या मोजा. ऑर्केस्ट्रा आणि बँडची कामं जास्त असतील तर किकचा माईक पैसे वसूल करून देईल. पण कीर्तन, भजन आणि गोंधळाचीच कामं जास्त असतील तर आधी एसएम ५७ सारखे दोन वाद्यांचे माईक घ्या. पखवाजाच्या शाईच्या बाजूला एक आणि कणीक लावलेल्या डाव्या बाजूला एक, वीतभर अंतरावर. तेच माईक ढोलकीला, संबळाला आणि गिटारच्या अँपलाही चालतात. किकचा माईक पखवाजाच्या डाव्या बाजूला लावता येतो, पण मधला आवाज दबल्यामुळे बोल पुसट होतात. आणि कीर्तनात बोल स्पष्ट ऐकू आले पाहिजेत.

लावायचा कुठे?

ड्रमच्या पुढच्या पडद्याला छिद्र असेल तर माईक आत, काठी आदळते तिकडे तोंड करून ठेवा. पडद्याच्या जवळ नेला की टक् वाढते, मागे छिद्राकडे आणला की दणका वाढतो. अगदी छिद्राच्या तोंडात मधोमध ठेवू नका. हवेचा झोत बसून फडफड होते. छिद्र नसेल तर पुढच्या पडद्यापासून चार बोटं अंतरावर, मधोमध न ठेवता थोडा बाजूला लावा.

मिक्सरवर ३०-४० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर बेसचे बॉक्स उगीच दमतात. डबा वाजल्यासारखं वाटलं तर ३००-४०० हर्ट्झला थोडं कमी करा. गायकांच्या माईकचा १०० हर्ट्झखालचा आवाज बंद ठेवा. घूं घूं निम्म्याने तिथेच थांबते. स्टेजवरचा मॉनिटर डी ११२ किंवा डी ६ च्या बरोबर पाठीमागे ठेवावा. बीटा ५२ ए ला मात्र पाठीमागूनही थोडं ऐकू येतं, म्हणून मॉनिटर मागे पण जरा तिरका ठेवा.

बनावट माल ओळखा

नामांकित कंपन्यांच्या माईकची हुबेहूब नक्कल बाजारात आहे. भाव निम्म्याहून कमी सांगितला तर तिथेच थांबा. अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटी बिल घ्या. वॉरंटी त्यावरच मिळते. जुना घेताना आपली वायर आणि मिक्सर सोबत न्या. माईक हलवून आत काही खुळखुळतं का ते पाहा, वायर हलवल्यावर खरखर येते का ते ऐका आणि जमलं तर खऱ्या ड्रमवर लावूनच पैसे द्या.

परवानगी विसरू नका

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सण-उत्सवाच्या ठरावीक दिवशी शासन १२ पर्यंत सूट देतं. ते दिवस वर्षाला १५ पेक्षा जास्त नसतात. वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा आणि कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. खालचा आवाज भिंतीतूनही लांब जातो, त्यामुळे तक्रार आधी बेसचीच येते. चांगल्या माईकने ठोका स्पष्ट आला की आवाज कमी ठेवूनही तो मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत कळतो. सुपारी घेतानाच आयोजकांकडून परवानगीची प्रत मागून घ्या.