मिरगाआधीचं छप्पर

साल १९०५. जून लागून चार दिवस झालेत. धामणगाव स्टेशनावरून रात्री दमणीत बसलात आणि हाडं खिळखिळी होईतो यवतमाळची चढण चढलात. सकाळचे आठ वाजलेत, पण ऊन आताच कानशिलावर येऊन बसलंय. कचेरीच्या कागदांवर जिल्ह्याचं नाव अजून ‘वणी’ आहे. ‘यवतमाळ’ व्हायला ऑगस्ट उजाडेल. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभार इंग्रजांचा. घरं मात्र इथल्याच मातीची. काळी माती पिकायला, पांढरी राहायला. गावठाणालाच लोक ‘पांढरी’ म्हणतात.

शहर मागे टाकून दमणी एका गावातल्या देशमुखी वाड्यापुढे थांबते. ढेलजेत पाय टाकलात की ऊन दाराबाहेरच राहतं. क्षणभर काही दिसत नाही. मग अंधारातून सागवानी खांब एकेक करून पुढे येतात. दक्षिणेकडच्या जंगलातला हा साग, कवेत जेमतेम मावेल असा. खाली दगडी तळखडा, म्हणजे वाळवी लागत नाही. भिंतीतल्या देवळीत हात घालून पाहा. कोपरापर्यंत आत जातो, तरी भिंत संपत नाही. बोटांना गार लागतं. बाहेरची दुपार या भिंतीतून आत यायला निघते आणि अर्ध्या वाटेतच संध्याकाळ होते.

डोक्यावर धप्प असा आवाज होतो आणि थोडी माती तुमच्या खांद्यावर पडते. वर धाब्यावर वाड्याचे सालदार आहेत. शिडीवरून टोपल्या हातोहात वर जाताहेत. सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या नि पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं हे छत. वर्षभराच्या उन्हानं त्याला भेगा पडतात. मिरगाआधी त्या बुजवायच्या, नवी माती चोपून बसवायची आणि पन्हाळं साफ करायची.

“पाव्हणे, सावलीत बसा, पानी प्या,” वरून एक सालदार म्हणतो. “माती नाई टाकली, त मिरगात पाऊस घरातच पडते.”

त्याचं स्वतःचं घर कुठे आहे, म्हणून विचारा. तो गावाच्या कडेकडे हात करतो. तिथे गवतानं शाकारलेली बुटकी छपरं दिसतात. वाड्याचं धाबं झाल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात तो आपलं छप्पर शाकारणार आहे. वाड्यांची तारीफ करणारे खांबांवरची नक्षी मोजतात. धाब्यावर माती कोणाच्या डोक्यावरून गेली, ते सहसा मोजत नाहीत.

एकतीस वर्षं पुढे या. १९३६, महिना तोच. आता तुम्ही केळापूर तालुक्यात एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर आहात. रस्ता केव्हाच संपला आणि गेला तासभर पायवाटच होती. मध्यभागी चावडी, तिच्याभोवती पंधरावीस घरं. माणसं आपसात बोलतात ती कोलामी, मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळची. तुम्हाला एक शब्द कळत नाही, काम मात्र सगळं कळतं.

एकजण बांबू चिरतो आहे. विळ्याच्या एका घावात बांबू उभा फुटतो आणि पुढचं काम हातच करतात. कामट्या आडव्या-उभ्या विणून कुड उभा राहतो; टोपली आणि भिंत यांची वीण एकच. दोन बाया त्या कुडावर शेण-माती लिंपताहेत. तळव्याच्या फटकाऱ्यानं माती विणीत घुसते, चार बोटं अर्धगोल फिरतात आणि भिंतीवर बोटांच्या कमानी उमटतात. छपरावर तिघं गवताच्या पेंढ्या बांधताहेत. त्यांतला एकच घरचा, दोघं शेजारचे. उद्या त्यांच्या छपरावर हा जाईल. हिशोब कुठेही लिहिलेला नाही.

याच वर्षी एप्रिलअखेर शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेगाव नावाच्या खेड्यात गांधीजी राहायला आले आहेत. १९४०मध्ये त्या खेड्याचं सेवाग्राम होईल. तिथली कुटीही हीच: माती, बांबू, वर कवेलू. मीराबेननं तिच्या भिंतीवर मातीतच खजुराची झाडं उठवली. ती कुटी पाहायला पुढे जगभरातून माणसं येतील, चपला बाहेर काढून आत जातील. पोडावरच्या कुडापाशी चपला काढायला कोणी येणार नाही.

जग तरी वेगळं काय पाहायला जातं? जपानात शिराकावा-गो खेड्यातली गवती छपरांची घरं १९९५मध्ये जागतिक वारसा ठरली. त्यांची छपरं शाकारायला तिथेही शेजारीपाजारीच जमतात. त्या रिवाजाला ‘युई’ असं नाव आहे. येमेनमधल्या शिबामची कच्च्या विटांची उंच घरं १९८२पासून त्याच यादीत आहेत आणि पावसावाऱ्यानं झिजलेल्या भिंतींना तिथेही पुन्हा पुन्हा लिंपावं लागतं. दोन्हीकडे माणूस पिढ्यान्‌पिढ्या घरावर हात ठेवून आहे, म्हणून ती घरं उभी आहेत.

आता आजच्या जूनमध्ये या. गाव तेच, वाड्याचं. पारा चाळिशीच्या वर, खिडकीत कूलर घरघरतोय. समोर घरकुल आहे. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतलं, किमान २५ चौरस मीटरचं, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये अनुदानाचं. पोडावर २०२३च्या पीएम-जनमन योजनेतली घरं उभी राहताहेत, कारण कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. स्लॅबवर काळी टाकी आणि डिश. माणूस मात्र एकही नाही.

बाजूला जुनं घर अजून तग धरून आहे. त्याचं आता कुटारघर झालंय. वानरांनी उड्या मारून कवेलू फोडलेत, आणि तीन पावसाळ्यांत कोणी फेरले नाहीत. कवेलू फेरणारा गावातला शेवटचा माणूस आता छपरावर चढत नाही. देवळीत हात घाला. अजून गार लागतं.

“किती सुंदर होतं हो हे घर,” तुम्ही म्हणून जाता. घरकुलाच्या पायरीवर बसलेली आजी तुमच्याकडे नीट पाहते.

“तुमाले पाहाले बरं वाटते, बापू. सारवा मले लागे.”

त्यावर उत्तर नाही. दर आठ दिवसांनी सारवण तिनंच केलं, भिंतीतला साप तिनंच पाहिला, गळक्या छपराखाली रात्रभर भांडी तिनंच सरकवली. तिला स्लॅब मिळाला हे चांगलंच झालं. उन्हाळ्याच्या दुपारी त्याच स्लॅबखाली तिला बसवत नाही, म्हणून ती पायरीवर आहे, हेही तितकंच खरं.

सरकारी यादीत घरांना कच्चं, पक्कं असे शिक्के असतात. तीनही जून पाहून आल्यावर मला वाटतं, दरवर्षी हात लागायची गरज ज्याला असते, ते कच्चं. आपण गरज मोडीत काढली ते ठीक. तिच्याबरोबर जाड भिंतीचा गारवा, शेजाऱ्याच्या छपरावर चढायची रीत आणि कवेलू फेरणाऱ्याचं कसबही मोडीत गेली. नव्या घरकुलाला वीतभर जाड भिंत किंवा स्लॅबवर कवेलूंचा एक थर देणं काही अशक्य नाही. त्यासाठी जुनं घर कसं बांधलं होतं, ते आधी कोणी तरी मोजून ठेवायला हवं.

या मिरगाआधी गावाकडे गेलात, तर पडायला आलेल्या त्या घरात टेप आणि वही घेऊन एक दुपार काढा. भिंतीची जाडी मोजा, खांब मोजा. आणि छपरावर कोण चढायचं, त्याचं नाव आजीला विचारून लिहून ठेवा.